पाटावरचा फोन

भाचीनं मला हा ब्लॉग उघडून दिला. म्हणाली, "मावशी, तू दिवसभर त्या मोबाईलच्या नावानं खडे फोडत असतेस, ते इथं लिही. घरच्यांच्या कानांना तरी आराम." तर लिहिते. मालाची कमतरता नाही.

काल भाऊबीज झाली. पहाटेपासून घराण्याच्या ग्रुपवर ओवाळणीची ताटं यायला लागली. फोटोतली ताटं, हलत्या ज्योतीची ताटं, कुठल्या तरी अनोळखी बाईनं कुठल्या तरी अनोळखी भावापुढे धरलेली ताटं. एकच ताट चौघांनी पाठवलं. मी बासुंदी आटवत होते. एक डोळा दुधावर, हातात उलथणं, आणि मोबाईल ओट्यावर उघडाच पडलेला. संध्याकाळी मनीषनगरच्या चुलतवहिनीचा फोन आला. "ताई, तुम्ही सकाळपासून ऑनलाइन दिसून राहिल्या होत्या. आमचं ताट पाहिलं, निळी खूण आली, अन् एक शब्द नाही. काहून? काही चुकलं का आमचं?" अरे बाप्पा! बासुंदी करणाऱ्या बाईनं दूध सांभाळायचं की खुणांचे रंग? तिची समजूत काढता काढता बासुंदी बुडाला लागली ती लागलीच.

फोन ठेवून चरफडत बसले आणि आई आठवली. कारण फोनमधून अपमान शोधून काढायची ही खोड काही आजची नाही. आमच्या घरी ती मोबाईलच्या कितीतरी आधी, एका काळ्या फोनासोबत आली होती.

सत्तरच्या दशकात आम्ही गांधीबागेमागच्या एका गल्लीत राहत होतो. बाबा वीज खात्यात. कुठं तार तुटली की त्यांना वेळीअवेळी बोलावणं यायचं, म्हणून खात्यानं घरी फोन दिला. जड, काळा, बोटानं चकती फिरवायचा. आख्ख्या गल्लीत एकच. आईनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं, ते कुंकू चकतीच्या भोकांत गेलं आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या बोटाला लागत राहिलं. बाबांचा नियम कडक होता. फोन सरकारी आहे, घरच्या कोणी आपल्या कामासाठी लावायचा नाही. आलेला मात्र घ्यायचा, आणि तिसऱ्या घंटीच्या आत घ्यायचा. बाबा जेवत असले तरी उष्ट्या हातानं उठत. "घंटी वाजून राहिली म्हणजे कोणाचं तरी घर अंधारात बसलं आहे," असं म्हणत.

लावायचा नाही, पण आलेला घ्यायचा. ही फट गल्लीला बरोबर सापडली. एकेकीनं आमचा नंबर आपापल्या माहेरी वाटून टाकला. मी तेव्हा बीएस्सी होऊन घरी बसलेली, म्हणजे गल्लीच्या लेखी रिकामीच. घंटी वाजली की उचला, कोण पाहिजे विचारा, रिसीव्हर तिपाईवर आडवा ठेवा, चपला घाला आणि "काकू, फोन!" करत धावा. काकू हात पुसणार, केस सावरणार, आरशात बघून मग निघणार. फोनमध्ये कोण बघणार होतं तिला? तोवर अमरावतीचा माणूस आडव्या रिसीव्हरमध्ये ताटकळत. आल्यावर काकू अशी ओरडणार, की अमरावतीला तारेशिवायच ऐकू जावं. मग रडणार. मग आई तिला चहा देणार. मी फणफणले की आई म्हणे, "अवं, तिच्या माहेरचा आवाज आपल्या घरी येऊन राहिला. पुण्य लागते." पुण्य तिला आणि पायपीट मला, अशी वाटणी होती.

आई स्वतः मात्र फोन उचलत नसे. तिला कोणाचा फोन येतच नव्हता. तिला एकच भाऊ, पाठचा, भिलाईच्या कारखान्यात. आणि मामानं आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात बाबांनी पहिला फेटा बांधला तो आत्याच्या नवऱ्याला. खरं तर नवरीच्या मामाचा मान आधी. बाबा गडबडीत विसरले. मामा म्हणाला, "आमची या मांडवात काही किंमत आहे का नाही?" त्यावर "चुकलं गा" म्हणायला काय लागत होतं? पण बाबा म्हणाले, "एका फेट्यासाठी तमाशा काहून करतं?" झालं! मामा भरल्या पंगतीतून उठला. वाढलेलं ताट तसंच ठेवून थेट स्टेशनवर गेला. दोघंही एकाच माळेचे मणी, पुढे वर्षानुवर्षं कोणी हलेना. आईला फेट्याशी काही घेणंदेणं नव्हतं. "माह्या दारातून माहा भाऊ उपाशी गेला," एवढं एकच तिच्या मनाला लागून राहिलं होतं. ताट वाढताना, भांडी घासताना मधूनच हे वाक्य बाहेर पडे, आणि बाबा पेपर वर धरत.

तेव्हापासून दर भाऊबीजेला आई अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही किंवा ज्यांचा भाऊ येत नाही, त्या बाया ओवाळतात तशी. बीजेचा चंद्र तो केवढा! नखाएवढा, दिसला न दिसला की मावळतो. तो निसटू नये म्हणून ही दिवेलागणीपासून मान वर करून उभी. मला मामाचा राग यायचा, बाबांचा यायचा, आणि त्या चंद्राचाही यायचा.

मग एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मौद्याकडचे एक नातेवाईक निरोप घेऊन आले. मामा भाऊबीजेला फोन करणार. चार वाजल्यानंतर, त्याच्या साहेबाच्या घरून.  त्या वर्षी आईच्या करंज्या जास्त झाल्या, मामाच्या आवडीच्या, आत भरपूर खसखस घातलेल्या. बाबांनी निरोप ऐकला आणि पेपरचं पान उलटलं.

भाऊबीज उजाडली आणि साऱ्या जगातल्या भावांना आमचाच नंबर सापडला. सकाळी सात वाजल्यापासून घंटी. ही आली, ती आली, एक रडून जात नाही तो दुसरी डोळे पुसायला तयार. प्रत्येकीला आईचा फराळ. दुपारपर्यंत माझ्या पायांचे तुकडे पडले. मी पदर खोचून जाहीर केलं, "आता पुरे. चारनंतर या घरात कोणी पाय ठेवायचा नाही. कोणाच्या भावाचा आला तर मी सांगीन, उद्या करा."

"लोकाइच्या भावाइले नाही म्हणतं?" आई कळवळली.

"हो, म्हणतो. आजच्या दिवस आपला फोन आपला."

मी खुर्ची घेऊन दारात जाऊन बसले, धनावर बसलेल्या नागोबासारखी. बाया आल्याच. "माह्या भावाचा आला असन वं, जरा पाहू दे ना." नाही आला. "घंटी वाजल्यासारखी वाटली." नाही वाजली. "भल्ली तिखट झाली बाप्पा पोरगी," म्हणत एकेक परत गेली. म्हणोत. आतून आईचा आवाज येत होता, हलका, एकसुरी. स्तोत्र म्हणत असेल असं वाटलं. घंटी मात्र खरंच वाजेना. चार वाजून गेले, पाच वाजले, उन्हं समोरच्या गच्चीवर चढली. माझं डोकं फिरत चाललं. आला मोठा फोन करणारा! बाईला वर्षाच्या सणाला आशेला लावलं आणि तिकडे स्वतः फराळ हाणत बसला असेल. ते आईला सांगायचंच म्हणून मी उठून आत गेले.

आत तिपाईपुढे पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी. पाटावर फेट्याचं नवं कोरं कापड घडी करून ठेवलेलं, ते तिनं कधी आणून लपवलं होतं मला ठाऊक नव्हतं. आणि त्या घडीवर रिसीव्हर. वेटोळी तार ताणून, पूर्वेकडे तोंड करून, नीट ठेवलेला. त्याला कुंकवाचा टिळा, वर अक्षता, शेजारी करंजी. समोर आई ठेवणीतलं लुगडं नेसून, ताटात निरांजन घेऊन बसली होती. स्तोत्र कसलं! ती त्या रिसीव्हरशी बोलत होती.

"...मी का तुले जा म्हटलं होतं? माह्याकडे पाहून तरी दोन घास खाचे होते ना गा..."

"आई! हा कधीपासून काढून ठेवला?"

"चार वाजल्यापासून," आई शांतपणे म्हणाली. "त्याले खोळंबा नको. तू नाही का ठेवत असा बाजूले काढून, अन् मंग माणूस आतमधी थांबून राहते? म्हटलं आधीच ठेवावा. तो आला की भेटते."

मी तिच्याशेजारी बसले.  इतकी वर्षं तिनं हेच तर पाहिलं होतं. रिसीव्हर आडवा आहे म्हणजे आत कोणाचा तरी भाऊ आहे. तिला सांगितलं, की काढून ठेवला की घंटीच वाजत नाही, लावणाऱ्याला लागतच नाही. पहिल्यांदा तिला ते पटलंच नाही. मग हळूहळू चेहरा उतरला.

"म्हणजे तो लावून राहिला असन?"

"हो."

"अन् आपण दार लावून बसलो."

मी रिसीव्हर कुंकवासकट जागेवर ठेवला. आमचा आवाज ऐकून बाबा पेपर घेऊन आत आले आणि खुर्चीत टेकले. त्यांना तरी कळायला हवं होतं, पण ते चार वाजल्यापासून मागच्या पडवीत जाऊन बसले होते, मामाचा आवाज कानावर पडायला नको म्हणून. आता तिघंही त्या फोनकडे बघत बसलो. तो मेला मुकाट. दिवेलागण झाली तशी आई उठली. "नाही करत आता तो," म्हणाली आणि ताट घेऊन अंगणात गेली. दर वर्षीसारखी.

आणि घंटी वाजली.

"भिलाई से ट्रंक कॉल है, बात कीजिए." मग मामा. इतक्या वर्षांनीही आवाज ओळखला, आणि आवाजातला जाळही. "भाची का? आईले सांग, चार वाजल्यापासून लावून राहिलो. साहेबाच्या बैठकीत बसलो मी, त्याच्या बायकापोराइसमोर. एक्सचेंजवाली म्हणते, तिकडून रिसीव्हर काढून ठेवला आहे. बोलायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं. मांडवात अपमान केला तो कमी पडला का? हा माहा शेवटचा फोन."

"मामा, ऐक तर..."

आई धावत आली. एका हातात ताट, निरांजन अजून जळतं. तिनं जन्मात पहिल्यांदा रिसीव्हर कानाला लावला, तोही उलटा. मी सुलटा करून दिला. मामा तिकडून पुन्हा तेच बोलत होता, ते आम्हाला खोलीभर ऐकू येत होतं.

"हो," आई म्हणाली. "मीनंच काढून ठेवला होता."

 बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"पाटावर ठेवला होता. खाली तुहा फेटा ठेवला. तुले ओवाळलं, अन् बोलत बसली तुह्यासंगं. मले काय माहीत गा, अशानं घंटी वाजत नाही म्हणून."

  तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"जेवला का तू?" आईनं विचारलं.

"नाही बाई," मामा म्हणाला.  "आज काही गेलं नाही पोटात."

"मंग ये."

"तीन मिनट हो गए," ऑपरेटर म्हणाली आणि लाइन कटली.

आईनं तो पाट उचलू दिला नाही. दुसऱ्या दिवशी फोनला येणाऱ्या काकवांना मी रांगोळीला वळसा घालून आत घेतलं, प्रत्येकीला तेच ते समजावून सांगत. दुपारी मामा आला. केस पिकले होते, हातात मिठाईचा डबा. बाबा उठले. त्यांनी पाटावरचं कापड उचललं आणि स्वतः त्याच्या डोक्याला फेटा बांधला, तोही वाकडा.  आईनं ओवाळलं, ताट वाढलं, समोर पंखा घेऊन बसली. मामानं पहिला घास उचलला आणि फोन वाजला.

मी सवयीनं उठले. दुसरी घंटी झाली, तिसरी झाली. मामाचा हात तसाच थांबला. मी बाबांकडे पाहिलं.

"वाजू दे," बाबा म्हणाले. "त्याले जेवू दे आधी."