शेजारणीचं कुलूप

मी चौथीपर्यंत शिकलो. पण मनवेलपाड्यातल्या कितीतरी बिल्डिंगांच्या खिडक्यांना मी घातलेली ग्रील आहे. ती हलवून दाखवा, असं मी आजही कुणालाही सांगेन. सगळी उमर लोखंडाचं काम केलं. लोक मे महिन्यात गावाला जायचे ते माझ्या वेल्डिंगच्या टाक्यांच्या भरवशावर जायचे. आम्ही राहतो त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची ग्रील, बाहेरचा जाळीचा सेफ्टी डोअर, सगळं माझ्या हातचं. ग्रील बसवत होतो तेव्हा सून म्हणाली होती, "बाबा, एक छोटी उघडणारी खिडकी ठेवा ना. कुंडीपर्यंत हात पोचत नाही."

"तुझा हात जाईल तिथून चोराचा येईल," मी म्हटलं. नाही ठेवली.

घराच्या दोन चाव्या माझ्या करगोट्याला बांधलेल्या असायच्या. एक सेफ्टी डोअरच्या कुलपाची, एक आतल्या दाराच्या लॅचची. बायको गेल्यापासून माझं असं विशेष काही उरलेलं नाही, पण मनात आलं की खाली चहाला जावं, मनात आलं की वर यावं, कुणाला बेल मारायची गरज नाही, एवढं होतं. चावी नसली की आपल्याच घरात पाहुण्यासारखं बेल वाजवून आत यायचं. ते मला जमणारं नव्हतं.

मागच्या दिवाळीत मुलगा, सून, नात सुनेच्या माहेरी गेले होते आणि मी घरात एकटा होतो. बाथरूममध्ये पाय सरकला. सकाळी पडलो तो दुपारपर्यंत तिथेच. समोरच्या घरात माणसं होती, आवाज ऐकू येत होते. मी हाक मारली नाही. आपला आपण भिंत धरून उठलो. ते परत आले तेव्हा माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघून मुलाला कळलं. ते त्याने डोक्यात ठेवलं.

या मे महिन्यात त्यांचं आठ दिवस सिमल्याला जायचं ठरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही अर्नाळ्याला आत्याकडे राहायचं."

"आणि घर?"

"घराला कुलूप असतं. समोरच्या ताई लक्ष ठेवणार आहेत."

"मी आयुष्यभर लोकांची घरं बंद करून दिली, आणि माझ्या घराला समोरची बाई राखणार?"

"बाबा, एकटे घरी आलात असं मला कळलं ना, तर आल्यावर चाव्या माझ्याकडे द्यायच्या. मग तुमची आमची एकच वेळ, आम्ही घरात असू तेव्हाच तुम्ही आत-बाहेर."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो. मी म्हटलं, बरं.

ते निघायच्या दोन दिवस आधीच अर्नाळ्याला बहिणीकडे गेलो खरा, पण चित्त नव्हतं. तिच्या अंगणात बांबूवर बोंबील वाळत होते, मी त्यांच्याकडे बघत बसायचो आणि डोळ्यांपुढे यायचा आमचा सेफ्टी डोअर. वरची बिजागरी. गेल्या पावसापासून ती जरा करकरत होती आणि मी तेल घालायचं विसरलो होतो. घर बंद, बिजागरी सैल. मुलगा निघाला त्याच दिवशी सकाळी मी पिशवी उचलली. बहीण म्हणाली, "दादा, घराला काय पाय फुटतात काय? कोन नेनार हाय ते?"

"तू त्याला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तूच सापडशील." आणि तिने सुक्या बोंबलांची एक जुडी कागदात गुंडाळून पिशवीत घातली.

भर दुपारी मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. कुलूप काढलं, ते बाहेर लोंबकळत दिसू नये म्हणून आत घेतलं, लॅच हळूच लावलं. सेफ्टी डोअरची आतली कडी लावली नाही, कारण ती लावताना ठण्ण आवाज होतो. तिथे माझं चुकलं. बिजागरीला तेल घातलं, पंखा न लावता खुर्चीत बसलो आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी बाहेर चपला वाजल्या. समोरची शेजारीण. बाई पन्नाशीची, गळ्यात तुळशीची माळ, स्वभावाने कडक. आमच्या मजल्यावर बोंबील भाजणारा मी एकटाच, म्हणून तिचं आणि माझं बारा वर्षांचं भांडण.

"अहो! अहो, बाहेर या! यांच्या दाराला कुलूपच नाही!"

तिने बेल मारली. मी पाय न वाजवता दारापाशी गेलो. मग तिने मुलाला फोन लावला, स्पीकरवर. दारामागे उभा राहून मी सगळं ऐकत होतो.

"ताई, मी लावलं होतं कुलूप," मुलाचा आवाज. मग सुनेला, "लावलं होतं ना ग?"

"मला काय विचारता? मी बॅगा बघत होते," सून म्हणाली.

"गाडीवाला खाली हॉर्न मारत होता... ताई, आतलं दार बंद आहे ना?"

"ते बंद आहे. जाळीचं नुसतं लोटलेलं. पण असं उघडं ठेवून चालतं का, भाऊ? तुम्ही फिरा निवांत. मी माझं कुलूप लावते."

दोन मिनिटांत कोयंड्यात कुलूप अडकल्याचा आवाज आला. खट्. मी आवाजावरून ओळखलं, सात लिव्हरचं. जड. त्याला तोडायचं म्हणजे कटरच लागेल. आणि कोयंडा मी स्वतः आठ मिलिमीटरच्या सळीचा केलेला, तो तर विसरायचाच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'ताई, मी आहे आत,' एवढंच. पण ती फोन ठेवायच्या आधी मुलाला कळलं असतं. हात आपोआप करगोट्याकडे गेला. मी गप्प राहिलो.

पहिला दिवस मी बादशहासारखा काढला. दुसऱ्या दिवशी कळलं की मी उंदीर झालो आहे. नळ सोडायचा तर दोऱ्याएवढी धार. कुकर लावायचा नाही, शिट्टी होईल. फोडणी नाही, वास जाईल. पोहे पाण्यात भिजवून मीठ लावून खाल्ले, दोन्ही वेळा तेच. खिडक्या बंद, कारण उघडल्या तर खालून वॉचमनला दिसतील. मे महिना, पंखा नाही. बनियन अंगाला चिकटलेलं. सकाळ-संध्याकाळ बाई यायची, कुलूप धरून गदागदा हलवायची आणि नवऱ्याला म्हणायची, "बघा, कसं आहे!" दाराच्या या बाजूला मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा.

मोबाईलचा आवाज बंद कसा करतात ते मला येत नाही. तो गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. संध्याकाळी सातला कपाटातून गुणगुण आली.

"बाबा, कसे आहात?"

"बरा आहे."

"अर्नाळ्यालाच ना?"

"मग कुठे असणार?"

"एवढं हळू का बोलताय?"

"इथे सगळे झोपलेत."

"सात वाजता?"

"कोळ्यांची घरं. पहाटे उठायचं असतं."

त्याने नातीला फोन दिला. ती म्हणाली, "आजोबा, इथे एवढी थंडी आहे, तुम्ही असता तर कानटोपी घातली असती." माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मुलाशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो. पोराला शिकवलं ते ताठ मानेनं, आणि आता कपाटात तोंड घालून त्याला फसवत होतो.

खिडकीशी जाऊन ग्रीलवर हात फिरवला. टाके अजून जसेच्या तसे. कुठे फट नाही, कुठे गंज नाही. उघडणारी खिडकी असती तरी तिसऱ्या मजल्यावरून मी काय उडी मारणार होतो? पण ती असायला हवी होती, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर बॅगांची चाकं घरघरली. शेजारीण कुणाशी तरी फोनवर बोलत होती. "हो ग, चारच्या गाडीने निघतोय. आठवडाभर गावीच. नाही, समोरच्यांच्या कुलपाची चावी माझ्याकडेच आहे, ते यायच्या आत कुणाबरोबर तरी पाठवीन."

म्हणजे पाच दिवस. पिशवीत पोहे मूठभर. आणि पाच दिवसांनी मुलगा, सून, नात सामान घेऊन दारात उभी, चावी कुणाच्या गावी, आणि आत मी.

दारापर्यंत गेलो. तोंड उघडलं. आवाज नाही निघाला. खरं सांगतो, घसा बसला नव्हता. ज्याने बाथरूमच्या लादीवर पडून हाक मारली नाही, तो आता दार वाजवून 'मला सोडवा' म्हणणार? पाय मागे फिरले. स्वयंपाकघरात आलो. बहिणीने दिलेली जुडी ओट्यावर होती.

गॅस पेटवला. चिमट्यात एक बोंबील धरला आणि जाळावर भाजला. मग दुसरा. मग तिसरा जरा करपू दिला. धूर झाला तसा तो टॉवेलने दाराकडे हाकलला.

बाहेर चाकं थांबली.

"अहो, हा कसला वास?"

"कुठे काय?" नवरा म्हणाला.

"नाकाला काय झालंय तुमच्या? बोंबील! समोरून येतोय. आत कुणीतरी आहे! चोर आहे!"

"चोर बोंबील भाजत बसेल का?"

"थांबा, मी भाऊंना लावते." पुन्हा स्पीकर. "भाऊ, तुमच्या घरातून वास येतोय, आत माणूस आहे, पोलिसांना बोलावू का?"

"कसला वास, ताई?"

"आता माझ्या तोंडून काय वदवता... बोंबलाचा."

मुलगा म्हणाला, "ताई, कुलूप काढा. ते बाबा आहेत."

मी लॅच उघडलं तेव्हा बाई नाकाला पदर लावून उभी होती. "काका? तीन दिवस आत? अहो, हाक नाही का मारायची?"

"कुलूप चांगलं आहे तुमचं," मी म्हटलं.

"मेलं कुलूप! मी रोज हलवत होते आणि तुम्ही ऐकत होतात?" तिचे डोळे भरले होते, धुराने की कशाने माहीत नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला. मी तयारीत होतो, दोन उत्तरं जुळवून ठेवली होती.

"बाबा," मुलगा म्हणाला, "जेवलात का?"



बाईची गाडी चुकली. माझ्यासाठी भात टाकून, मला समोर बसवून, वाढून ती दुसऱ्या दिवशी गेली. पाच दिवसांनी आमची माणसं परत आली. दोन दिवस मुलाने विषय काढला नाही. मला वाटलं, विसरला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्याने हात पुढे केला. "बाबा, चाव्या."

दुसऱ्यांदा मागायला लावायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पण करगोट्याची गाठ सुटेना, इतक्या वर्षांची घट्ट बसलेली. शेवटी सुनेने कात्री आणली. मुलगा दुसरीकडे बघत होता.

आता मी खाली गेलो की परत येताना बेल मारतो. ती दोघं कामावर असली की जातच नाही.

पुढच्याच आठवड्यात मी ओळखीच्या वर्कशॉपमधून ग्राइंडर मागून आणला आणि ग्रीलचे चार बार कापले. माझाच टाका, तुटता तुटेना, दुपार गेली. तिथे एक छोटी उघडणारी खिडकी बसवली, बिजागरीसकट, आणि तिला कुलूप घातलं.

"बाबा, एवढ्याशा खिडकीला कुलूप?" मुलाने विचारलं.

"चोराचं काय सांगता येतं."

त्याची चावी नव्या करगोट्याला आहे. कुंडीला पाणी घालायचं असलं की सून आतून हाक मारते, "बाबा, जरा येता का?" मी पेपर बाजूला ठेवतो, सावकाश उठतो आणि उघडून देतो.