दादाची गाडी बघायला आलेली माणसं

घरात विकायची गाडी असली की किस्से फुकट मिळतात, चहा तेवढा आपल्याला करावा लागतो. पावसाळाभर आमच्या दारात इतकी माणसं येऊन गेली की आता बंदरावर मी दिसलो की पोरं आधी हेच विचारतात, आज कोण आला होता? मी सांगतो, ती पोट धरून हसतात. माझं मात्र सांगतानाही डोकं फिरतं.

गाडी माझ्या दादाची. छोटी, पांढरी, इलेक्ट्रिक, शोरूममधली सगळ्यात स्वस्त. दादा होडीवर जायचा. दिवसभर डिझेल इंजिनाचा दणदणाट आणि तोंडावर धूर. म्हणून जमिनीवर तरी आवाज न करणारी गाडी पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून तो तिला चार्जिंगला लावायचा, आणि वहिनी म्हणायची, म्हशीला वैरण टाकली वाटतं.

पावसाच्या तोंडावर दादा गेला. होडीवरून आला, छातीत दुखतंय म्हणाला, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांचा होता.

वहिनीला पडवीत शिवणाचं दुकान टाकायचंय. त्यासाठी गाडी विकायची. तिचं बरोबर आहे, मला कळतं. पण मला ती गाडी विकायची नव्हती. कुणालाच.

पहिले आले ते जवळच्याच गावचे एक मास्तर. वही घेऊन! एका चार्जला युनिट किती जळतात, बॅटरी किती वर्षं टिकते, सर्व्हिसिंगला तेल बदलावं लागत नाही हे खरं का, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, एक चक्कर मारून येतो. तास झाला तरी पत्ता नाही. मी बाइक काढून शोधायला निघणार, तोवर गाडी आली. मागच्या सीटवर बायको आणि सासू, डिकीत गिरणीतून आणलेल्या तांदळाच्या दोन गोण्या. मी विचारलं, हे काय? मास्तर शांतपणे म्हणाले, "डिकीत किती मावतं ते बघितलं."

आणि त्या गोण्या, बायको, सासू यांना घरी सोडायला आमचीच गाडी गेली, मीच चालवत! पुढे मास्तरांचा फोन नाही.

मग मुंबईचे एक साहेब. शनिवार-रविवार इकडे बंगल्यावर येतात. मोठी गाडी आहे, पण ती आमच्या गल्लीत वळत नाही, म्हणून पाव-अंडी आणायला ही पाहिजे होती. त्यांच्या बाई गाडीभोवती फिरून "क्यूट आहे, क्यूट आहे" म्हणत होत्या. दादाची गाडी पाव आणायला! तरी मी चहा पुढे केला. मग साहेबांनी मला नारळीखाली बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ते गाडीतच गेले का? नाही, मिसेसला जरा तसं असतं."

मी म्हटलं, "न्हाय, घरात गेला. घर पण बघता का?"

वहिनीनं ते आतून ऐकलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पण ताट जरा जोरात ठेवायची.

तिसरा मुरुडचा, सहा आसनी रिक्षावाला. वीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर रिक्षा हाकलेला माणूस. बसला, बटण दाबलं, मी सांगितलं तसा गिअर पुढे टाकला आणि वाट बघत राहिला. म्हणाला, चालू न्हाय झाली. मी म्हटलं, झाली. आवाज कुठं हाय? मी म्हटलं, हिला आवाज नसतो. माझ्यावर विश्वास कशाला ठेवेल? खात्री करायला त्यानं पाय दाबला.

गाडी सरळ शेजारच्या जनाआत्याच्या बोंबलांत. पावसाची उघडीप बघून वाळत घातलेली अख्खी रांग दोरीसकट बॉनेटवर. जनाआत्या बाहेर आली. आता हा मेला, असं मला वाटलं. तिनं गाडी बघितली, त्याला बघितलं आणि मला म्हणाली, "त्यापरीस इंजिनवाली बरी रे. आवाज ऐकून बोंबील तरी पळालं असतं."

रिक्षावाल्याला गाडी आवडली होती. उचल चांगली हाय म्हणाला. बॉनेटवरचे बोंबील वेचता वेचता विचारत होता, हिला आवाज बसवून मिळंल का?

मग मी एक काम सुरू केलं. गिऱ्हाईक येणार असलं की आदल्या दिवशी गाडी रेवसच्या धक्क्यापर्यंत दोन-तीनदा फिरवून आणायची. दुपारी दारात लावून, काचा बंद करून, एसी सोडून आत बसायचं. ह्या गाडीत उभ्या उभ्या एसी चालतो. वायर लावायची नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरीचा आकडा इतका खाली असायचा की आलेला माणूस तोंड वाकडं करून चहा पिऊन जायचा. तीन माणसं अशी परतवली. लाज वाटली नाही.

पण दादाच्या मोबाइलमध्ये त्या गाडीचं ॲप होतं हे मला माहीत नव्हतं. तो मोबाइल वहिनी अजून रोज चार्ज करते. एका सकाळी कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "भावजी, काल दुपारी दोन तास एसी चालू होता. तुम्ही आत बसला होतात?"

मी मान हलवली. आता ऐकवणार, असं वाटलं.

"मला सांगायचं ना," वहिनी म्हणाली. "मी पण आले असते."

त्या दिवशी मी खिडकीतून वायर काढली आणि गाडी चार्जिंगला लावली.

दुसऱ्या दिवशी आला तो पालीचा, दोन एसट्या बदलून. देवळाजवळ पेढ्यांचं दुकान. वय चाळिशीचं. डावा पाय लहानपणापासून अधू, हातात काठी. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत मागे बसलेला, कारण क्लच दाबायला डावा पाय लागतो. ह्या गाडीत क्लचच नसतो. पुतण्याच्या अशाच गाडीवर शिकला होता. लायसन नवं कोरं, ते त्यानं मला न विचारता दाखवलं. डिकी उघडली नाही. बॅटरीचा आकडा बघितला नाही. हा कुठे चुकतो आणि मी कधी भडकतो, एवढीच मी वाट बघत होतो.

तो काठी बाजूला ठेवून आत बसला. दादा उंच होता. ह्या माणसाचा उजवा पाय ब्रेकपर्यंत पोचेना. आधीचे सगळे बसल्या बसल्या खाली हात घालून खर्रकन सीट पुढे ओढायचे. ते गेले की मी ती परत दादाची होती तिथे सारायचो, पार मागे, खाचेच्या शेवटच्या घरापर्यंत. ह्यानंही हात खाली नेला, आणि थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सीट पुढं घेतली तर चालंल का?"

"बसा," मी म्हटलं. "मी घेतो."

खाली वाकून मी दांडा ओढला. सीट एक घर पुढे आली. मग आणखी एक.

"पोचला पाय?"

"अजून एक," तो म्हणाला.