सोबतीचा काढा

रत्नागिरी तालुक्यात आजारी पडावं आणि माझ्या थोरल्या साडूंना त्याचा पत्ता लागू नये, हे अजून कोणाला जमलेलं नाही. बाजारात समोरचा नुसता खोकला तरी हे भाजीची पिशवी खांद्याला अडकवून त्याच्यापुढे उभे. "केव्हापासून आहे? कफ आहे की कोरडा? उद्या सकाळी तयार राहा." बरं, हे डॉक्टर नव्हेत, वैद्य नव्हेत. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर लोक कलमांच्या बागेत लक्ष घालतात नाहीतर देवळाच्या कमिटीत घुसतात. आमच्या साडूंनी सोबतीचं काम काढलं, आणि तेही फुकट. आजाऱ्याला घरून उचलायचं, दवाखान्यात न्यायचं, त्याच्या उजव्या हाताला बसायचं आणि पुन्हा घरी आणून पोचवायचं. आमच्याकडच्या गावांत पोरं मुंबईला किंवा आखातात, घरात दोन म्हातारी माणसं, नाहीतर एकच. तिथे ह्या माणसाला केवढी मागणी असेल ते वेगळं सांगायला नको.

पॅथीच्या बाबतीत त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस मी पाहिलेला नाही. ॲलोपॅथी, होमिओपॅथी, आयुर्वेद, ॲक्युप्रेशर, पाठीला वाट्या लावणारे, चुंबकाचे पट्टे विकणारे, सगळ्यांच्या दारात हे सारख्याच भक्तिभावाने चपला काढतात. कोणतं औषध चांगलं, असं विचारलं की म्हणतात, "साडूभाऊ, औषध आपापल्या जागी काम करतं. पेशंटच्या उजव्या हाताला माणूस पाहिजे, मग कुठलंही लागू पडतं." एका सर्जनलाही त्यांनी हे ऐकवलं. सर्जन बिचारा हो म्हणाला. पुढे तेवीस पेशंट ताटकळत होते, वाद कोण घालणार!

डॉक्टरांपुढे पेशंटने बोलावं हे त्यांना बिलकूल मान्य नाही. पेशंट घाबरलेला असतो, निम्मं विसरतो. म्हणून बोलायचं ह्यांनी, आणि तेही "आम्हाला" असं म्हणून. आम्हाला भूक नाही, आमचा गुडघा वाजतो, आम्हाला दोन दिवस साफ झालेली नाही. एकदा शेजारच्या सूनबाईंना तपासणीला घेऊन गेले. तिचा नवरा जयगडला बंदरावर ड्युटीला, सासू अंथरुणाला. डॉक्टरीणबाईंपुढे बसून, टकलावरून हात फिरवत हे गंभीरपणे म्हणाले, "आम्हाला सातवा लागलाय." डॉक्टरीणबाई हसून हसून टेबलाखाली गेल्या. सूनबाई आजही रस्त्यात ह्यांना पाहिलं की पदर तोंडाला लावते.

पण त्यांची खरी खोड दुसरीच. पेशंट जे औषध घेईल ते हेही घेतात. डॉक्टरांच्या गोळ्यांना हात लावत नाहीत, एवढी अक्कल शाबूत आहे. पण रक्त तपासायला पेशंट उपाशी तर हेही उपाशी. साबुदाण्याएवढ्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळ्यांत ह्यांचा अर्धा वाटा. पालीच्या एका वैद्यांनी एका म्हातारीला एरंडेल दिलं. म्हातारी ऐकेना. ह्यांनी आपल्यासाठी दुसरी वाटी मागवली आणि तिच्यादेखत घटाघटा पिऊन दाखवली. म्हातारी म्हणाली, "तू पितोस तर मी पन पितंय." परतीच्या बसमध्ये म्हातारी खिडकीपाशी मजेत सुपारी कातरत बसली होती, आणि हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी पुरती थांबायच्या आत आमचे साडू उडी मारून पळाले. ड्रायव्हर जुना सहकारी, म्हणून गाडी थांबून राहिली.

आणि त्या खलाशी चाचांची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. चाचांचा सगळा जन्म बोटीवर गेला, कुठकुठले समुद्र पालथे घातले, पण पाठीच्या एमआरआयसाठी कोल्हापुरात त्या नळकांड्यात शिरायची वेळ आली तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला. साडूंना आत सोडेनात. तेव्हा ह्यांनी तिथल्या मुलाला पटवून बाहेरचा माइक ताब्यात घेतला आणि चाचांच्या कानात रत्नागिरी–कोल्हापूर गाडी सोडली. "डबल बेल! चला, हातखंबा. पाली, पाली कोण आहे? नाणीज. दाभोळे. साखरपा, मागचे पुढे सरका. आता आंबा घाट लागला, खिडकीबाहेर हात नको..." मलकापूर करत करत कोल्हापूर स्टँडात गाडी लागली तेव्हा एमआरआय झालेला होता. चाचा बाहेर आले ते तक्रार करतच. "काय रे बाबा, आंब्याला चहाला नाय थांबवलीस?"

अशा ह्या माणसाला एकच भीती होती, ती डोंबिवलीची. त्यांचा मुलगा तिथे असतो. माझी मेव्हणी गेल्यापासून तो दर फोनला सांगायचा, बाबा, आता घर बंद करा आणि इकडे या. शेवटी ह्यांनी त्याच्याशी बोली केली: "ज्या दिवशी मी आजारी पडेन, त्या दिवशी मुकाट्याने येईन." बोली करून हे भलतेच खूश होते, कारण आजारी पडणं हे इतर लोकांचं काम आहे अशी त्यांची पक्की समजूत. मला म्हणायचे, "डोंबिवलीत ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या घरात असतं हो. मी तिथे कोणाच्या उजव्या हाताला बसू?"

गेल्या थंडीत एके सकाळी हे आमच्या ओटीवर आले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "साडूभाऊंचा चेहरा मला बरा दिसत नाही."

आता मी कसा माणूस आहे ते सांगतो. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण आजारपणाची रजा म्हणून घेतली नाही. डोकं दुखलं तर ते दुखू देतो, आपोआप थांबतं. "मला काहीएक झालेलं नाही," असं मी बजावून सांगितलं. पण बायकोचा आपल्या भाऊजींवर जेवढा विश्वास आहे त्याच्या चौथाईही माझ्यावर नाही. दुपारी माझ्या ताटात मऊ भात आला आणि सुरमईची तुकडी तिच्या ताटात गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझी वरात निघाली. होमिओपॅथीवाल्या डॉक्टरांपुढे मला बसवून हे सांगू लागले, "उजव्या हाताला मुंग्या येतात. हातातून वस्तू पडतात." मी म्हटलं, "कोणाच्या?" तर मला गप्प करून म्हणाले, "ह्यांना हल्ली आठवतही नाही." डॉक्टरांनी विचारलं, स्वप्नं कसली पडतात? मी म्हणालो, पडत नाहीत. हे म्हणाले, "बस सुटल्याची पडतात." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग पालीचे वैद्य. त्यांनी कडू काढा दिला. मग एक ॲक्युप्रेशरवाल्या ताई, त्यांनी माझ्या तळव्यात लाकडी खुंटी अशी दाबली की मी वर्गातल्या पोरांनाही कधी दिली नव्हती ती शिवी दिली. आणि सगळ्यांत साडू माझ्याबरोबर! सकाळी माझा काढा, त्यांचा काढा. माझ्या गोळ्या, त्यांच्या गोळ्या. माझ्या तळव्यात खुंटी, लगेच, "ताई, माझ्याही हाताला लावा हो, सोबत म्हणून." बायको डोळे पुसत म्हणायची, "बघा, तुमच्यापायी भाऊजी एवढं कडू पितात!" घरातले काचेचे पेले माझ्यापासून लपवून ठेवले गेले. मला चहा स्टीलच्या पेल्यात.

ते स्वतः चहा डाव्या हाताने प्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "डाव्या हाताने प्यायलं की मेंदू तरतरीत होतो, नवीन उपचार आहे." मला पटलं. ज्या माणसाने कोरफडीचा गर टकलाला लावून देवळात आरती म्हटली, त्याच्याबाबतीत काहीही पटतं.

शेवटी आम्ही मज्जासंस्थेच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचलो. तरुण मुलगी, पण चष्म्याआडून नीट बघणारी. साडूंनी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. तिने माझ्या गुडघ्यांवर हातोडी मारली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, आणि मग आपली दोन बोटं पुढे करून म्हणाली, "जोरात दाबा." माझा आधीच संताप झालेला, त्यात मऊ भात खाऊन खाऊन जीव वैतागलेला. अशी दाबली की ती "आई गं!" म्हणून हात झटकत उठली.

"ह्यांच्या हाताला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"नीट बघा डॉक्टर," साडू मागून काकुळतीने म्हणाले. "शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावता येत नाही ह्यांना."

मी गोल गळ्याचा बनियनसारखा टी-शर्ट घालून बसलो होतो. त्याला बटण औषधालाही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मीही वळलो. साडूंच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, आणि खालचं भलत्याच काजात बसलेलं.

"काका, तुम्ही जरा इकडे या."

"मी नुसता सोबत आहे," साडू म्हणाले.

"माहीत आहे. सोबत म्हणूनच बोटं दाबा."

त्यांनी डावा हात पुढे केला. तिने मानेने नाही म्हटलं. मग त्यांनी उजवा हात हळूच तिच्या हातात ठेवला.

"दाबा."

"दाबतोय की," साडू म्हणाले.

तिची बोटं त्यांच्या मुठीतून अलगद सुटून आली. इतके दिवस तो काढा खरा कोणाचा होता ते मला तेव्हा कळलं. त्यांना औषध हवं होतं, पण पेशंटच्या स्टुलावर बसायचं नव्हतं. म्हणून माझ्यासारखा धट्टाकट्टा गडी त्यांनी पुढे बसवला. मी पेशंट नव्हतोच. सोबत मीच करत होतो, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! खाली रिक्षात बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोराला कळवू नका हां साडूभाऊ. मला घेऊन जाईल तो." मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो. तो हात मी मांडीवर घेतला. लाज कसली त्यात!

कळवावं मात्र लागलं. बाईंनी एमआरआय सांगितला होता. मुलगा रातोरात गाडी काढून थेट कोल्हापुरात आला, बॅग भरायचीच बाकी असल्यासारखा. साडूंना त्या नळकांड्यात सरकवताना त्यांनी मान वळवून आम्हा दोघांकडे पाहिलं. इतके दिवस दुसऱ्यांना आत पाठवणारा माणूस, एवढासा दिसत होता. मला राहवेना. मी आयुष्यात कधी प्रार्थनेच्या तासाला माइकवर बोललेलो नाही, पण तिथल्या मुलाच्या हातून माइक घेतला आणि म्हटलं, "डबल बेल. हातखंबा. पाली. नाणीज. साखरपा..."

आतून आवाज आला, "दाभोळं राहिलं!"

"काका, हलू नका!" यंत्रावरचा मुलगा ओरडला. "आता पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागणार."

मी दाभोळे घेतलं, आंब्याला चहाला गाडी थांबवली, मलकापूर घेतलं, कोल्हापूर स्टँड आलं, तरी यंत्र आपलं ठकठक करतंच आहे. आता काय करायचं? कोल्हापूरच्या पुढचा रस्ता मला येत नव्हता. मग मी गाडी वळवली. "मलकापूर. आंबा. घाट उतरतोय, सांभाळून. साखरपा. दाभोळे." ह्या वेळी एकही गाव गाळलं नाही. "नाणीज. पाली. हातखंबा." आणि यंत्र थांबलं तेव्हा मी म्हणत होतो, "रत्नागिरी. चला, सगळे उतरून घ्या."

बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलेलं होतं. मुलगा पुढे झाला. "बाबा, आपली बोली झाली होती—"

"अरे, आत्ताच तर रत्नागिरीला उतरलो," साडू म्हणाले.

मुलगा माझ्या हातातल्या माइककडे बघत उभा राहिला, मग खाली बसून त्याने बापाच्या पायांत चपला घातल्या. डोंबिवलीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मानेतली नस दबली होती. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. हात मात्र पूर्वीसारखा व्हायचा नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. पेला आता दोन्ही हातांनी धरतात. घाटाचा प्रवास बंद, त्यामुळे कोल्हापूरला न्यायचे पेशंट माझ्याकडे आले आहेत, आणि मी पाठ केलेलं निम्मं विसरतो म्हणून लोक नाराज आहेत. दर मंगळवारी मी साडूंना व्यायामाला नेतो. तिथे एक मुलगी त्यांच्या उजव्या हातात मऊ रबरी चेंडू देते. ते दाबतात, दमतात, पुन्हा दाबतात. पहिल्याच दिवशी मी तिच्याकडून आणखी एक चेंडू मागून घेतला. आम्ही दोघं म्हातारे बाकावर शेजारी बसून चेंडू दाबत असतो.

परवा तिने विचारलं, "काका, दुखणं नक्की कोणाचं आहे?"

"आमचं," मी म्हटलं, आणि दाबत राहिलो.