मागाच्या खड्ड्यातला जनरेटर

भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, पण आमच्या अड्याळची विजेची लाइन काही सुधारली नाही. उन्हाळ्यात दुपारी बाराला गेली की चारशिवाय तोंड दाखवायची नाही. आधी आम्ही नुसत्या शिव्या घालायचो. बाबांच्या छातीचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं, आणि त्या चार तासांची मला धडकीच भरली. लाइन गेली की यंत्र बंद, आणि बाबांचे ओठ निळे.

म्हणून भंडाऱ्याला जनरेटर बघायला गेले. दुकानदाराने मोठा सुरू करून दाखवला, तर काउंटरची काच थरथरली. म्हटलं, नको रे बाबा, यात चांगला माणूस आजारी पडेल. यंत्र आणि एक पंखा चालेल असा लहान, हाताने उचलता येणारा, पेट्रोलवरचा निवडला. "बाहेर मोकळ्या हवेत ठेवजा," तो म्हणाला. मला वाटलं, तापू नये म्हणून सांगत असेल. स्वतःला फार शहाणी समजायची खोड आहे मला.

बाहेर ठेवला तर आमचं दार थेट गल्लीत. दोन दिवसांत शेजारच्या काकू आल्याच: "काहून वो, आमचं डोस्कं उठवून राहिल्या?" तेव्हा आईने जागा सुचवली. आम्ही कोष्टी. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा होता, विणणारा पाय सोडून बसतो तो. त्या मागावर शेवटी माझी मोठी बहीण बसायची. लग्न ठरलेलं असताना ती काविळीने गेली, बाबांनी माग मोडला आणि खड्ड्यावर फळ्या टाकल्या.

"खड्ड्यात आवाज दबते," आई म्हणाली. खरं होतं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची खटखट कशी दबते, हे कोष्ट्याच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. जनरेटर खाली उतरवून धूर जायला मी लोखंडी पाइप खिडकीबाहेर काढला, सांध्यावर पत्रा गुंडाळून तार आवळली आणि स्वतःवरच खूश झाले.

आठवड्याभराने जेवताना आई म्हणाली, "मोठी येऊन राहिली."

"कोण मोठी?"

"आपली. दुपारी येते, खड्ड्यात बसते. धोटा चालते, मले आयकू येते."

भाजीला मीठ कमी आहे, अशा सुरात बोलली ती. आईचं डोकं तेव्हा रोज ठणकायचं, मळमळायचं. मी म्हटलं, ऊन बाधलं. काकूंचा निकाल वेगळा: पोरीच्या जागी मशीन ठेवलं, ती उठणारच. नारळ फोडून झाला. बाबा तेवढे म्हणायचे, "मले तं काही दिसत नाही बा."

रविवारी नोकरीला सुट्टी, मी घरी होते. झळ नको म्हणून दारं-खिडक्या लावल्या, पाइपपुरती फट ठेवली. बाराला लाइन गेली, मी दोरी ओढून जनरेटर सुरू केला. आई नेहमीसारखी खड्ड्याच्या कडेला आडवी झाली. तासाभरात माझी कानशिलं उडायला लागली, हात जड झाले. मग घरघरीच्या आतून वेगळा आवाज आला. दोन खटके लवकर, एक सावकाश. ताईचा हात तसाच चालायचा. फळ्यांखाली कोणीतरी पाय बदलल्यासारखं हललं. भीती वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे बरं वाटलं. उठावंसंच वाटेना.

बाबांनी आम्हाला हाका मारल्या म्हणे. मला एकही ऐकू आली नाही. एरवी आधाराशिवाय खाटेवरून न उतरणारा माणूस नाकातली नळी काढून, जमिनीवर बसून सरकत दारापर्यंत गेला आणि त्याने कडी काढली. काकूंनी आम्हाला गल्लीत ओढलं.

डॉक्टर मला रागावलेच. पाइपचा सांधा गळत होता. धुरात एक बिनवासाचा वायू असतो, तो साचला की आधी डोकं दुखतं, भास होतात, मग माणूस झोपेत जातो. बाबांना नळीतल्या ऑक्सिजनने तारलं आणि आम्हाला छपराच्या कवेलूंमधल्या फटींनी.

जनरेटर गल्लीत आला. काकू आता चकार शब्द काढत नव्हत्या. आईचं डोकं दुखायचं थांबलं, खटखटही थांबली. मी म्हटलं, सुटलो.

पंधरा दिवसांनी मी अर्ध्या रजेवर घरी आले. बाराला पाच कमी होते. गल्लीत जनरेटर नव्हता. दार ढकललं. बाबांना डोळा लागला होता. खिडक्या बंद होत्या, फळ्या बाजूला होत्या आणि मशीन खाली खड्ड्यात होतं. आई केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून कडेला बसली होती. लाइन जायची वाट बघत होती.

"आई, मरशील ना वो!"

"मी जराशीच बसतो," ती म्हणाली. मी तिचा हात धरला तशी चिडली. "तुले तं आयकू आलं होतं ना? मंग मलेच काहून नाही म्हणतं?"

मला रडू फुटलं. रडत रडतच मी मशीन उचलून पुन्हा गल्लीत ठेवलं.

मशीन विकता येत नव्हतं, बाबांचा श्वास त्याच्यावर होता. दुसऱ्या दिवशी मी मुरूम मागवला आणि खड्डा भरायला माणसं लावली. आई दारात उभी राहिली, अडवलं नाही तिने. पहिलं घमेलं खाली पडलं, तेव्हा माणसांना एवढंच म्हणाली, "हळू टाका."