आमची चांगुणाआते डॉक्टरला दाखवायला निघाली तेव्हा

आमची चांगुणाआते मांजरालासुद्धा गाण्यात हाकलायची. खरंच सांगते. मांजर दुधाकडे गेलं की आते तिथल्या तिथे ओळ जुळवून लग्नाच्या चालीत त्याच्या आईबापाचा उद्धार करायची. ती धवलारीण. म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाणारी, तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही आणि नवरा बोहल्यावर चढत नाही. नवरा जरा सुस्त दिसला की म्हणायची, "ऊठ र, मिठागरावर नाय आलास तू, लग्नाला आलास."

धवले दोघींनी गायचे असतात. एक ओळ आतेची, एक तिच्या जोडीदारणीची, ठकूबायची. गेल्या पावसाळ्यात ठकूबाय तापाने गेली आणि आतेची झोप उडाली. मग खारीगावच्या एका लग्नात ती गाता गाता मधेच थांबली आणि तशीच बसून राहिली. झालं. कळव्यापासून टेंभी नाक्यापर्यंत एकच चर्चा, धवलारीण वेडी झाली. आणि वैशाखात माझ्या दादाचं लग्न. बाबा म्हणाले, दुसरी धवलारीण बघू. आतेने ते ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ठाण्याला मनाच्या डॉक्टरला दाखवा, ते नुसते प्रश्न विचारतील. पण आमच्याकडे परका माणूस बाईला प्रश्न विचारतो तो एकदाच, मुलगी बघायला येतो तेव्हा. त्यामुळे सगळ्यांनी तयारी पण तीच केली. आईने आतेला पाटावर बसवून विचारलं, "नाव काय? रांधता येतं का? चालून दाखव." आते चिडली, "पन्नाशीची बाय मी, मना कोन पसंत करनार हाय?" तरी हिरवं लुगडं नेसली, हात भरून बांगड्या चढवल्या. नारळ घेतला, घावने बांधले, आणि पाच वडीलधारे घेऊन दोन टांग्यांतून आम्ही खाडीपलीकडे गेलो.

डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. एवढी वरात खोलीत शिरलेली बघून तो उभाच राहिला.

"यात पेशंट कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पाच वडीलधाऱ्यांतले धर्माकाका म्हणाले, "तुमीच वलखा."

डॉक्टरने सगळ्यांवरून नजर फिरवली. धर्माकाका फेटा बांधून, नारळ छातीशी धरून घामाघूम उभे होते. डॉक्टरने स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं. "बसा काका, घाबरू नका."

धर्माकाका जे बाहेर गेले ते परत आत आलेच नाहीत.

मग डॉक्टरने सगळ्यांनाच बाहेर काढलं. आतेने माझं मनगट धरून ठेवलेलं, म्हणून मी राहिले.

"आज वार कोणता, बाई?"

"बुधवार. कशाला, तुना ठाव नाय?"

"कुणी नसताना आवाज ऐकू येतात का?"

"येतात ना. धर्मा खोकतोय बाहेर."

डॉक्टर हसला, पण पुढचं हळू विचारलं. "जीव नकोसा वाटतो का कधी?"

आतेने बांगड्या मागे सारल्या. "जीव नको असा नाय वाटत. ठकू नाय, त्ये बरा नाय वाटत." मी मधेच सांगितलं, जोडीदारीण गेल्यापासून ही गाता गाता थांबते.

"मग गाताना थांबता कशाला?"

"पुढची ओळ ठकूची," आते म्हणाली.

मला एकदम रडू आलं. अख्ख्या गावाने तिला वेडी ठरवलेलं, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला दुःख झालंय, बाई. वेड लागलेलं नाही. झोपेसाठी थोडं औषध देतो, पंधरा दिवसांनी पुन्हा या. आणि ती दुसरी ओळ गायला कुणीतरी शोधा."

"म्हंजे ठेवून घेनार नाय मना?"

"नाही हो."

"मंग एवरे सजवून कशाला आनला गो मना?" ती माझ्यावरच खेकसली. घावने मात्र डॉक्टरला खायला लावले.

आता गावात कुणाची झोप उडाली की आते स्वतः जाऊन सांगते, "काय नाय करत तिथं. इचारतात. आपन खरा सांगावा. नि धर्माला नेऊ नको."

दादाच्या लग्नात बाबांनी तिलाच बोलावलं. हळदीला तिने पहिली ओळ गायली आणि थांबली. आईचा हळदीचा हात तसाच वर. तेवढ्यात माझ्या बरगडीत आतेचं कोपर बसलं. मी गायले. इतकी बेसूर की दादा हसून पाटावरून घसरला आणि बायका पदरात तोंड लपवायला लागल्या. आतेने चाल न मोडता तिथल्या तिथे ओळ जुळवली, की या पोरीचा आवाज ऐकून खाडीतली मासळी पलीकडच्या काठाला गेली.

आणि पुढची ओळ परत माझी होती.