सूचक प्रश्न

गेल्या हिवाळ्यात माझी पत्नी आठवड्यातून दोन दुपारी आबिड्सला जाऊन एका यंत्राशी बोलत असे. यंत्र हा माझा शब्द. ज्या तरुण चित्रकर्तीने हा उद्योग मांडला होता, ती त्याला नुसते 'आवाज' म्हणे. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी बायकांचे बोलणे, त्यात शिरलेल्या दखनी-तेलुगूसकट, तिला संगणकाला शिकवायचे होते. प्रदर्शनात प्रत्येक बाईच्या नावाची एक खुर्ची असणार होती. तिच्यावर बसून कोणीही काहीही विचारावे आणि समोरच्या पेटीने त्या बाईच्या आवाजात उत्तर द्यावे, अशी कल्पना.

"एवढं बोलतेस तरी काय तिथे?" मी एकदा विचारले.

"ती पोरगी विचारते, मी सांगते. खट्टी दाल कशी फोडणीला टाकायची इथपासून सगळं."

'सगळं' या शब्दापाशी मी अडकलो.

माझी नोकरी कौटुंबिक न्यायालयात लघुलेखकाची. साक्षीसाठी उभी राहिलेली बाई सुरुवातीला पदराशी चाळा करते, एका शब्दात उत्तरे देते. मग तिच्या ध्यानात येते, की समोरची सगळी माणसे आपले ऐकायलाच बसली आहेत; त्यानंतर तिला थांबवावे लागते. हे सगळे मी उतरवून घेतो. अशा वेळी नवऱ्यांचे चेहरेही मी पाहिले आहेत. काही निगरगट्ट असतात. पण पुष्कळांना त्यातले काहीच ठाऊक नसते. अंगावर हात टाकला नाही, पगार घरात दिला, एवढ्यावर ते निर्धास्त राहिलेले असतात. मीही अंगावर हात टाकला नव्हता आणि पगार घरात दिला होता.

ती आबिड्सहून परत येई ती जड सामान कुठेतरी उतरवून आल्यासारखी. चहा टाकताना गुणगुणे. ते सामान कोणते, आणि त्यात मी किती, याचा मी हिशेब करू लागलो. मनातल्या मनात माझ्या बाजूचे पुरावे जमवू लागलो. निर्दोष माणूस असे करीत नाही, हेही मला कळत होते.

उद्घाटनापर्यंत कोणत्याही बाईला आपला आवाज परत घेता येईल, असे त्या मुलीने सांगून ठेवले होते. मी पत्नीला तेच सुचवले.

"उद्या कोणीही येऊन वाटेल ते विचारील."

"विचारू देत की."

उद्घाटन तोंडावर आले, तेव्हा अफझलगंजच्या ग्रंथालयात जातो असे सांगून मी आबिड्सला गेलो. एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर मांडामांड चालली होती.

"काका! काकू नाही आल्या?" एकदा आमच्या घरी येऊन गेलेली ती मुलगी म्हणाली. "बसा ना काकूंच्या खुर्चीवर. पहिला मान तुमचा." आणि ती तारा जोडायला पलीकडच्या दालनात गेली.

समोर एक साधी लाकडी पेटी होती.

"या, बसा. पाणी घेता?" पेटी म्हणाली.

तो तिचाच आवाज होता. हे वाक्य ती पाहुण्यांना म्हणते.

मी आजूबाजूला पाहून हळूच विचारले, "लग्नानंतर तुम्हाला त्रास झाला असेल ना?"

"हौ ना. झालाच की."

हा 'हौ'सुद्धा तिचाच; 'हो' ती कधी म्हणतच नाही.

"मनातलं बोलता आलं नसेल."

"कुठलं बोलायला मिळतंय!"

"याला तुमचे यजमानच कारण, असंच ना?"

"हौ. आणखी कोण?"

मी उठलो. त्या मुलीचा निरोपही घेतला नाही. दिलसुखनगरला घरी पोचलो, तेव्हा पत्नी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. चपला काढता काढताच मी म्हणालो, "शेवटी आपलं घर तू चव्हाट्यावर मांडलंस." आणि ऐकलेली उत्तरे तिला जशीच्या तशी सांगितली.

तिने मेथी बाजूला सारली. "तुम्ही काय विचारलंत? नेमके शब्द सांगा."

शब्द लक्षात ठेवणे हा माझा व्यवसाय आहे. मी सांगितले.

"तुमच्या कोर्टात असं विचारलेलं चालतं?"

"सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, चालत नाही. त्याला सूचक प्रश्न म्हणतात."

"का चालत नाही?"

"साक्षीदार हो म्हणण्याकडे झुकतो. ते उत्तर विचारणाऱ्याचंच—" इथे मी थांबलो.

तिने त्या मुलीला फोन लावला. "ए पोरी, त्या डब्याला विचार बरं, तुमचे यजमान फार चांगले ना म्हणून. मला ऐकव."

फोनमधून तिचाच आवाज आला, "हौ ना. लाखात एक आहेत."

ती इतकी हसली की तिला स्टुलावर टेकावे लागले. मग एकाएकी थांबली.

"म्हणजे कोणीही काहीही विचारलं तरी माझा आवाज हौच म्हणणार?"

"काकू, ती मशीनची सवय आहे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून तसं बोलते."

"बाईचा आवाज, आणि सगळ्याला हौ. मग यात तू नवीन काय केलंस, बाई?"

मी संधी साधली. "मग परत घे तो आवाज."

"घेत नाही. तुम्ही म्हणता म्हणून तर मुळीच नाही." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आणि ऐका. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, घरातलं विचारायचं नाही. ते दोघांचं आहे. नवऱ्याला न विचारता मी एकटी कसं देऊ?"

मी मात्र तिला न विचारता जाऊन आलो होतो. तिने ते बोलून दाखवले नाही.

"आणि त्रास?" मी म्हणालो. "तो होता का?"

"हे तुम्हाला आत्ता विचारावंसं वाटतंय? की त्या डब्याला विचारून झालं म्हणून?"

तिने मेथी पुन्हा पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी ती आबिड्सला गेली आणि घसा बसवून परतली. दिवसभर त्या डब्यासाठी नकार देत होते, एवढेच म्हणाली.

उद्घाटनाला बरीच गर्दी होती. तिच्या खुर्चीवर एक सुटाबुटातले गृहस्थ बसले आणि मोठ्याने म्हणाले, "तुमच्या काळच्या बायका जास्त सुखी होत्या, नाही का?"

"ते मी तुम्हाला कशाला सांगू?" पेटी म्हणाली.

लोक हसले. गृहस्थांनी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला.

"एकदा नक्को म्हटलं ना बाबा!"

आता सगळे दालन हसले. भिंतीशी त्या मुलीजवळ उभी असलेली माझी पत्नी तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र त्या 'नक्को'चा सूर ऐकत राहिलो. अनोळखी माणसाला कोणी असे म्हणत नाही. त्या सुराला फार दिवस मनात घोळवलेल्या शब्दाची धार होती. तो शब्द उच्चारताना तिच्या डोळ्यांसमोर कोण होते?

खुर्ची रिकामी झाली. त्या मुलीने मला खुणावले. मी मागच्या बाईला पुढे जाऊ दिले.

परतताना ऑटोतही तो प्रश्न अनेकदा ओठांवर आला. सूचक नसलेल्या शब्दांत तो मांडून पाहत होतो; जमत नव्हते. तिने डोळे मिटून डोके मागे टेकले होते, आणि घसा अजून बसलेलाच होता. मी विचारले नाही.