आत्याची विहीर आणि साहेबांची खुर्ची

सरकारवर दावा लावतात म्हणजे नेमका कोणावर लावतात, हे मला आत्यामुळे कळलं. तोवर मला वाटायचं, सरकार म्हणजे मुंबईत बसलेलं कोणीतरी. त्याला नागपूरच्या दिवाणी कोर्टात खेचणार कसं?

आत्या कुहीकडची. तिचं धानाचं वावर कालव्यात गेलं. जमिनीचा मोबदला मिळाला, पण मोजणीला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं होतं, वावरात विहीर नाही. अरे वा! नवीन नवरी असताना आत्यानं नवऱ्यासोबत खपून, डोक्यावर माती वाहून ती विहीर खोदली होती. आणि मोजणीच्या दिवशी ऊन कडक, म्हणून तिनंच त्या विहिरीचं पाणी शेंदून साहेबांना पाजलं होतं.

"पानी पिऊन गेले अन् हीर नाही म्हणून लिहून गेले," ती कोर्टाच्या तारखेला नागपुरात माझ्याकडे आली की म्हणायची. "पैशाचं मरो. माह्या नवऱ्याच्या हातची तेवढीच एक वस्तू होती वं. तेही झूठी केली."

विहीर तर कधीच बुजली होती. आत्याला फक्त ती होती एवढं सरकारच्या तोंडून ऐकायचं होतं. दावा रखडत रखडत चालला आणि शेवटी कोर्टानं विहीर होती असा निकाल दिला. तरी सरकार पैसे देईना. मग वकिलांनी जप्तीचा हुकूम आणला. मी चाटच पडले. सरकारच्या घरी जप्ती? मला काही राहवेना, रजा टाकून आत्यासोबत निघाले.

टेम्पो आपणच न्यायचा, हमालही आपलेच, आणि काय उचलायचं तेही आपणच बोट दाखवून सांगायचं, असं कोर्टाच्या बेलीफनं समजावलं. भूसंपादनाच्या ऑफिसात शिरल्यापासून माझी नजर भिरभिरत होती. कूलर न्यावा की कपाट? सरकारचं नेमकं काय उचललं म्हणजे त्याला लागेल?

साहेब नवे होते, तरुण होते. त्यांनी उठून आत्याला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. "वरून रक्कम आली की लगेच देतो, आजी. थोडं थांबा."

सोबत आलेले आमचे वकील माझ्या कानाशी लागले, "बाईंनी पाणी घेतलं की बुडाली आपली जप्ती. पाणी पिऊन कोणी कोणाची वस्तू उचलते का?"

आत्यानं पेला हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

"साहेब, हीर होती का नव्हती?"

"निकालात आहे ना, आजी."

"निकाल मले माहीत आहे. तुम्ही सांगा."

साहेबांनी बेलीफकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "होती. विहीर होती."

आत्याचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? तिनं पेला वर धरून घटाघटा पाणी संपवलं आणि पदरानं तोंड पुसलं. साहेबांनाही बरं वाटलेलं दिसलं. ते बसायला वळले, तशी आत्यानं त्यांच्या खुर्चीकडे बोट केलं.

"भाऊ, ते उचला," ती बेलीफला म्हणाली.

"पण आजी, तुम्ही तर पाणी प्यायलात," साहेब म्हणाले.

"ते साहेबबी पिऊनच गेले होते," आत्या म्हणाली.